तिच्या नंबराला मी पास म्हटलं

माझ्या बायकोचा गाण्याचा नंबर आला आणि तिच्याऐवजी मी ‘पास’ म्हणालो. चूक एवढीच आहे. कुणाला सांगितली तर समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो, कारण त्याला वाटतं खरी गोष्ट अजून पुढे आहे. पुढे काही नाही. तिने श्वास घेतला होता, ओठ उघडले होते, आणि मी हसत हसत म्हणालो, ‘‘पास. ती गात नाही.’’

याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी ही गोष्ट मनात इतक्या वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी तिच्यात माझी बाजू थोडी थोडी बरी दिसेल अशी सोय करून घेतली आहे, की आता एकदा सरळ लिहून काढावी असं वाटतं.

जपानमधल्या कावासाकी शहरात, स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहानसा ब्रिटिश पब आहे. महिन्यातून दोन रविवारी दुपारी दोन ते पाच तिथे टेबलं भिंतीला लावतात आणि खुर्च्या गोलात मांडतात. स्टेज नाही, माइक नाही. येणाऱ्यांपैकी कुणी गिटार आणतं, कुणी व्हायोलिन, कुणी नुसता गळा. दाराजवळच्या खुर्चीपासून सुरुवात होते आणि नंबर डावीकडे सरकत जातो. आपला नंबर आला की वाजवायचं, गायचं, नाहीतर ‘पास’ म्हणायचं. पास म्हणण्यात काही कमीपणा नाही. पबचा मालक मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडचा, तीस वर्षं जपानात राहिलेला. नव्या माणसाला तो एकच नियम सांगतो: पास ज्याचा त्याने म्हणायचा.

हा नियम मला नवा नव्हता. जपानला येण्याआधी कंपनीने मला दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं. मुलगी तेव्हा अगदी लहान होती, म्हणून बायको तिला घेऊन पुण्यातच राहिली होती. ते गाव लहान होतं. घरं काळसर दगडाची आणि कायम ओली. संध्याकाळी ऑफिस सुटलं की खोलीवर जाऊन भात लावायचा, दह्याशी खायचा आणि खिडकीतून पलीकडच्या चिमण्यांचा धूर बघत बसायचं. एक दिवस ऑफिसातला एकजण मला एका पबच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. वीसेक माणसं होती. गालिच्याला ओल्या लोकरीचा वास होता. एक म्हातारा, जन्मभर बस चालवलेला, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, न परतलेल्या एका जहाजाचं गाणं म्हणत होता. निम्मे शब्द मला कळले नाहीत. पण कडव्याशेवटी धृपद आलं आणि खोलीतली सगळी माणसं, आपापल्या ग्लासातून मान वर न काढता, हळूच त्याच्या आवाजाखाली आपला आवाज सरकवून बसली. जणू एखाद्या दमलेल्या माणसाखाली कुणी खुर्ची सरकवावी.

त्यानंतर मी दर आठवड्याला जाऊ लागलो. कधी बाहेरगावचे गाणारे यायचे. लहान गाडीत वाद्यं कोंबून, थर्मासमधला चहा पीत. मध्यंतरात स्वच्छतागृहाच्या रांगेत माझ्यापुढे उभा असलेला माणूस दहा मिनिटांनी समोर उभा राहून गाऊ लागायचा, आणि मला वाटायचं, अरे, हा तर आत्ता माझ्यासारखाच थंडीने हात चोळत होता. शेवटी लकी ड्रॉ असायचा. मला एकदा बिस्किटांचा डबा लागला होता, तो अजून आमच्या घरात आहे, त्यात सुया-दोरे असतात. माझा नंबर आला की मी ‘पास’ म्हणायचो. कुणी आग्रह करायचं नाही. दोन वर्षं त्या खोलीत मी गप्प बसलो आणि दोन वर्षं मला कुणी परका म्हणून वागवलं नाही. परत निघालो तेव्हा बस चालवलेला तो म्हातारा म्हणाला, ‘‘तुझ्यासारखं ऐकणारं माणूस आम्हाला लागतं.’’ हे वाक्य मी जपून ठेवलं. फारच जपून ठेवलं, असं आता वाटतं.

पुढे जपानला आलो, या वेळी तिघंही. घर घेतलं टोक्योतल्या हिगाशी-कसाईत, जिथे आमच्या इमारतीत तरी मराठी ऐकू न येणारा मजला शोधावा लागतो. नोकरी कावासाकीला. एका रविवारी सर्व्हरच्या कामासाठी ऑफिसात गेलो होतो, परतताना चष्म्याच्या दुकानावरून जात असताना वरच्या उघड्या खिडकीतून धृपद ऐकू आलं. तेच, आवाजाखाली आवाज सरकवणारं. मी जिना चढलो. आत दुपारचं पिवळं ऊन होतं, पडद्याच्या फटीतून जमिनीवर आडवं पडलेलं. जवळच्या रुळांवरून गाडी गेली की कपाटातले ग्लास एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे आणि गाणारे तेवढ्यापुरते थांबायचे, गाडी जाऊ द्यायचे, आणि त्याच सुरावरून पुढे निघायचे. मला वाटलं, मी झोपेत कुठेतरी पोचलो आहे, आणि ती जागा माझी आहे.

माझी. माझ्या चुकीचं मूळ या शब्दात आहे, पण तेव्हा ते मला दिसलं नाही.

तिथे एक जपानी आजी यायच्या. पूर्वी वॉर्ड ऑफिसात नोकरी केलेल्या, सत्तरीच्या, डोक्यावर कापडी टोपी. त्या कॉन्सर्टिना वाजवत. दोन हातांत धरायची, भात्याची, षट्कोनी लहान पेटी असते ती. बाजाच्या पेटीची धाकटी बहीण म्हणा. त्याही टोक्योच्या त्याच एदोगावा भागात, आमच्यापासून दोन स्टेशनांवर राहायच्या, त्यामुळे परतीचा प्रवास आमचा बरोबर व्हायचा. घरी आम्ही त्यांचा उल्लेख ‘पेटीवाल्या आजी’ असाच करायचो.

आता बायकोविषयी. ती गाणं शिकलेली नाही, पण तिच्या घरी भोंडला मोठा व्हायचा. नवरात्रात पाटावर हत्ती काढायचा, बायका-मुलींनी फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावायची. माझ्या सासूबाईंची खोड अशी की भोंडल्याच्या गाण्याला दर वर्षी त्या घरच्या चालीवर नवं कडवं जोडायच्या. कधी गॅस संपल्याचं, कधी शेजारणीच्या नव्या स्कूटरचं. शेजारीण पुढच्या वर्षी तिच्यावरचं कडवं ऐकायला मुद्दाम यायची. सासूबाई गेल्या त्या वर्षी विमानं बंद होती. बायकोने आईला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, आणि तोही मधे मधे अडकत होता. त्यानंतर ती स्वयंपाकघरात एक गाणं गुणगुणू लागली. पोळ्या लाटताना, इथल्या नियमाप्रमाणे वारावारी टाकायचा कचरा वेगळा करताना. हळूहळू त्यात आमच्या घरचं कडवं आलं:

‘सोमवारी जळाऊ कचरा, बुधवारी काच,
पोळ्या किती लाटू बाई? मोजून पाच.’

मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो होतो, ‘‘पाच कशा? मी सहा खातो.’’

‘‘गाण्यात पाचच बसतात. सहावी यमकात बसत नाही, तूच बघ कुठे बसवायची ते,’’ ती म्हणाली. मुलगी हसली होती. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

बायको कधी तरी माझ्याबरोबर कावासाकीला येऊन बसायची. पेटीवाल्या आजींशी तिचं जमलं. तिचं जपानी तेव्हा कोनबिनीत, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, हिशेबाला उभं राहण्यापुरतं होतं, आजींचं इंग्रजी गाण्यांपुरतं. तरी परतीच्या गाडीत दोघी कुजबुजायच्या आणि मी मधे बसून त्या दिवशीची गाणी कुठल्या भागातली, कुणी कुणाकडून घेतली, याबद्दल बोलत असायचो. दोघी ऐकून घ्यायच्या.

तो रविवार ऑक्टोबरातला होता. बायकोने मोहरी रंगाचा कुर्ता घातला होता आणि खांद्याला नेहमीपेक्षा मोठी पिशवी होती. मी विचारलं, ‘‘एवढं काय घेतलंस?’’ ती म्हणाली, ‘‘असू दे रे.’’ पबमध्ये ती माझ्या डावीकडे बसली. तिच्यापलीकडे आजी.

नंबर फिरत आला. एकाने गिटारवर समुद्राचं काहीतरी वाजवलं. एका तरुण बाईने एका बुडालेल्या खलाशाचं लांबलचक गाणं म्हटलं, इतक्या हळू की खिडकीबाहेरचं ऊनही थांबलंय असं वाटलं. ते संपल्यावर कुणी लगेच टाळी वाजवली नाही. मग माझा नंबर. मी म्हणालो, ‘‘पास.’’ आणि नंबर डावीकडे सरकला.

तिने पिशवी पायाशी नीट ठेवली. पाठ सरळ केली. मी पाहिलं की आजींनी पेटी मांडीवर घेतली आहे आणि त्यांचे अंगठे पट्ट्यात अडकलेले आहेत, आणि मला एकदम कळलं की ही गाणार आहे. कचऱ्याचं आणि पोळ्यांचं. त्या बुडालेल्या खलाशानंतर. माझ्या खोलीत.

तिने श्वास घेतला.

‘‘पास,’’ मी म्हणालो. ‘‘ती गात नाही.’’

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि भुवया किंचित वर केल्या, म्हणजे विचारलंच त्याने. सगळे तिच्याकडे बघत होते. आता ‘नाही, मी गाते’ म्हणणं म्हणजे चौदा परक्या माणसांसमोर नवऱ्याला खोटं पाडणं. ती हसली आणि मान हलवली. आजींनी अंगठे पट्ट्यातून काढले. मग पुन्हा अडकवले आणि दुसरंच काही वाजवलं. काय, ते मला आठवत नाही. मी त्या वेळी ऐकत नव्हतो. जन्मभर ज्याचं कौतुक करून घेतलं ते माझं ऐकणं, ते त्या दिवशी बंद होतं.

आजी त्या दिवशी कावासाकीतच कुणाकडे तरी थांबल्या. गाडीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, ‘‘अगं, तुला सांभाळून घेतलं मी. इथे फार जाणकार लोक असतात. तुला उगाच ओशाळवाणं झालं असतं.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

‘‘रागावलीस का?’’

‘‘नाही रे. अंडी संपलीत, उतरल्यावर घेऊ.’’

आम्ही अंडी घेतली. घरी आल्यावर तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला. मी झाकण उघडलं. शेंगदाण्याची चिक्की होती, मोठ्या मोठ्या वड्या, सगळ्यांना पुरेल एवढी. मी एक वडी खाल्ली आणि छान झालीय म्हणालो.

पुढचे महिने मला काहीच वेगळं वाटलं नाही, हेही कबूल करायला हवं. घर शांत होतं आणि शांतता मला आवडते. एक दिवस मुलगी जेवताना जपानीत म्हणाली, ‘‘आई हल्ली गात नाही.’’ बायको म्हणाली, ‘‘भाजी घे.’’ मी विचार केला, खरंच की. आणि मग तो विचार बाजूला ठेवला. फोनचा चार्जर बाजूला ठेवावा तसा, नंतर लागेल म्हणून.

त्यानंतर मी अनेक गोष्टी केल्या. तिच्यासाठी एका मोठ्या सभागृहातल्या शास्त्रीय मैफलीची तिकिटं आणली. तिला म्हणालो, गाण्याचा क्लास लाव. ती मैफलीला आली, क्लासला नाही म्हणाली. कावासाकीलाही मी तिला अधूनमधून ‘येतेस का’ विचारायचो, आणि ती ‘तू जा, तुझी जागा आहे ती’ म्हणायची. हे ती टोमणा म्हणून म्हणायची नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी जात राहिलो. नंबर यायचा, मी पास म्हणायचो, आणि दर वेळी मालक माझ्याकडे अर्धा क्षण जास्त बघतोय असं वाटायचं. कदाचित बघतही नसेल.

मधल्या काळात बायको आमच्याच भागातल्या वृद्धांच्या डे-केअर केंद्रात काम करू लागली. आधी आठवड्यातून तीन सकाळी, मग पाच. तिचं जपानी आता माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी ऑफिसात यंत्रांशी बोलतो, ती माणसांशी. संध्याकाळी कधी सांगायची, आज एका आजोबांनी माझी टोपी घालून पाहिली, आज एका आजींनी मला त्यांची सून समजून झापलं. मी ‘हो का’ म्हणायचो.

गेल्या सप्टेंबरात कावासाकीहून परतताना पेटीवाल्या आजी मला म्हणाल्या, ‘‘शनिवारी तुम्ही येणार ना? केंद्रात घरच्यांसाठी खुला दिवस आहे. मीही वाजवायला येते.’’

मला काही माहीत नव्हतं. पण मी म्हणालो, ‘‘हो, हो, येणारच.’’ घरी मुलीला हळूच विचारलं. ती आता सोळा वर्षांची आहे. तिला सगळं माहीत होतं.

‘‘मी दर वर्षी जाते,’’ ती म्हणाली.

‘‘मला का नाही सांगितलं?’’

तिने खांदे उडवले. ‘‘तुम्ही विचारलं नाही. आणि आई म्हणाली, बाबांना असलं आवडत नाही.’’

शनिवारी सकाळी मी गेलो. बायको आधीच गेली होती, मुलगी तिच्याबरोबर. दारात बूट काढून कपाटात ठेवले, केंद्राच्या तपकिरी सपाता पायात घातल्या, त्या माझ्या पायांना लहान होत्या. व्हरांड्यातून चालताना आवाज आला. कॉन्सर्टिनाचा, आणि त्याच्यावर तिचा.

मी खोलीच्या काचेपाशी उभा राहिलो. खोलीत ऊन भरलं होतं. मधे एका टेबलावर कागदावर काढलेला हत्ती, रंगीत खडूंनी रंगवलेला, सोंडेत फूल. त्याच्याभोवती व्हीलचेअर आणि खुर्च्यांचा गोल, पंधरा-सोळा म्हातारी माणसं. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी नुसती बोटं हलवत होतं, एक आजी झोपल्या होत्या. बायको गोलाच्या आतल्या बाजूने हळूहळू फिरत गात होती. सासूबाईंची चाल. पेटीवाल्या आजींनी तिला खाली भात्याचा लांब, थरथरता सूर दिला होता, आणि ते सगळं मिळून असं काही झालं होतं की मला क्षणभर ती ओल्या लोकरीच्या वासाची खोली आठवली, तो बस चालवलेला म्हातारा आठवला, आणि कधीच न पाहिलेला माझ्या सासूबाईंच्या अंगणातला भोंडला दिसला. कचऱ्याचं कडवं आलं. धृपदाला सगळ्यांनी आपापला आवाज सरकवला. मराठी शब्द, वाकडेतिकडे, दात नसलेले. एका आजोबांना फक्त ‘पाच’ येत होतं. ते ओळीच्या शेवटाची वाट बघत बसायचे आणि ‘पाच!’ असं जोरात म्हणायचे.

मग कडव्याच्या मधोमध ती वळली आणि काचेत मी दिसलो.

ती थांबली.

शब्द विसरली असं नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. तिने ओठ मिटले, हसली, मान किंचित हलवली. तेच हसू, तीच मान. आजोबा त्यांच्या ‘पाच’साठी थांबले होते. आजींनी पेटीवर तोच सूर धरून ठेवला, एखादं दार धरून ठेवावं तसा, मग हळूच सोडला. बायकोने टाळी वाजवून जपानीत म्हटलं, ‘‘चला, आता खिरापत!’’ आणि डबा उचलून एकेकाच्या कानाशी हलवू लागली. ‘‘ओळखा बरं. वाजत नाही. मऊ आहे.’’ आजोबा म्हणाले, ‘‘पाच!’’ सगळे हसले. शिरा होता.

मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने पेटीवाल्या आजी आल्या. टोपी काढून वारा घेत उभ्या राहिल्या. मी विचारलं, हे गाणं तुम्ही दोघींनी इथे बसवलं का?

‘‘नाही नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हाच बसवलं होतं. कावासाकीच्या आधी. माझ्या घरी, तीन गुरुवार. तुमच्या मिसेस म्हणाल्या होत्या, नवऱ्याला सांगायचं नाही. त्याला ती जागा फार आवडते, तिथे आपलंही काहीतरी ठेवावं असं त्यांना वाटत होतं. म्हणाल्या, आई कधी जपानला आली नाही, पण आईचं गाणं येईल.’’ मग म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी मीही बोलायला हवं होतं. नियम मलाही ठाऊक होता. माफ करा.’’

आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला. मी काय करावं ते न सुचून उलट वाकलो, आणि आम्ही दोघं त्या अंगणात बराच वेळ एकमेकांसमोर वाकत राहिलो.

घरी आल्यावर मला बोलता येईना. माफी मागण्याचा मला सराव नाही असं नाही. ऑफिसात माझं निम्मं काम तेच आहे. यंत्रणा बंद पडली की ग्राहकाला लेखी अहवाल द्यायचा: काय घडलं, का घडलं, काय उपाय केला, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार. कारणाच्या रकान्यात पहिलं उत्तर आलं की माझे वरिष्ठ शांतपणे विचारतात, ‘‘आणि ते का?’’ दुसरं उत्तर आलं की पुन्हा, ‘‘आणि ते का?’’ खरं कारण सापडेपर्यंत. त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो आणि दुसरं काही जमत नसल्याने त्याच रकान्यांत लिहू लागलो.

काय घडलं: तिच्या नंबराला मी पास म्हणालो. का? तिला ओशाळवाणं होऊ नये म्हणून. आणि ते का? खोडलं, कारण ते खोटं होतं. मला ओशाळवाणं होऊ नये म्हणून. आणि ते का? पोळ्यांचं गाणं त्या लोकांना हलकं वाटेल, आणि त्या गाण्याबरोबर मीही. इथे मी बराच वेळ थांबलो. हे उत्तर पुरेसं वाईट होतं, त्यावर थांबायला हरकत नव्हती. पण आजोबांचं ‘पाच’ कानात होतं. ते गाणं हलकं नव्हतं हे मला त्या दिवशीही माहीत होतं. स्वयंपाकघरातून ऐकताना माझा हात कीबोर्डवर थांबायचा. मग का?

मुलगी फ्रिजमधून ज्यूस काढायला आली, माझ्या खांद्यावरून डोकावली आणि थबकली. ‘‘बाबा, हे आईसाठी आहे?’’

‘‘हो.’’

‘‘पीडीएफ करून पाठवणार?’’

ती ग्लास घेऊन निघाली, दाराशी थांबली आणि मराठीत म्हणाली, ती फारसं मराठी बोलत नाही, ‘‘बाबा, बोला ना. तोंडाने.’’

दुसरा दिवस रविवार, कावासाकीचा. सकाळी बायको सायकल घेऊन भाजीला निघाली तेव्हा मीही चपला घातल्या.

‘‘आज जायचं नाही तुला?’’

‘‘नाही.’’

तिने सायकलवर न बसता ती हातात धरली आणि आम्ही नदीच्या बांधावरून चालू लागलो. भरती होती. पाणी फुगून कडेच्या गवतापर्यंत आलं होतं आणि त्यावर धुकं इतकं पातळ होतं की पलीकडच्या इमारती कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारख्या दिसत होत्या. पुलाखाली एक माणूस ट्रम्पेटचा सराव करत होता. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, तिसऱ्या सुराला अडखळायची. घरात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून लोक इथे येतात. एक बगळा पाण्यात उभा राहून ते ऐकत होता, किंवा ऐकत नव्हता.

‘‘काल का थांबलीस?’’ मी विचारलं.

‘‘कुठे?’’

‘‘गाताना.’’

ती काही पावलं चालली. सायकलच्या चाकाचा टिकटिक आवाज येत होता. ‘‘माहीत नाही रे. आपोआप झालं,’’ ती म्हणाली. ‘‘तू दिसलास आणि आवाज आतच राहिला. मुद्दाम नाही केलं.’’

मुद्दाम नाही केलं, हे ती मला सांगत होती. जणू खुलासा तिने द्यायचा होता.

ट्रम्पेटवाला पुन्हा तिसऱ्या सुराला अडखळला, थांबला आणि पहिल्यापासून सुरू झाला. मी सायकलच्या हँडलवर हात ठेवला, तशी तीही थांबली. कागद खिशात होता. तो मी काढला नाही.

‘‘चार वर्षांपूर्वी त्या पबमध्ये तुझा नंबर होता,’’ मी म्हणालो. ‘‘तू श्वास घेतला होतास, मी पाहिलं होतं. तू गाणार हे मला कळलं होतं आणि तरी मी पास म्हणालो. आणि गाडीत तुला सांगितलं की सांभाळून घेतलं. ते खोटं होतं. तुला गाता येत नाही म्हणून मी तसं म्हणालो नाही. येतं म्हणून म्हणालो. मी इतकी वर्षं तशा खोल्यांत नुसता बसलो, मला एकदाही तोंड उघडायचं धाडस झालं नाही, आणि तू सहज उघडणार होतीस. ते मला बघवलं नाही. तुझ्या आईचं गाणं होतं ते. तो पास माझ्या हक्काचा नव्हता. माझं चुकलं. मला माफ कर.’’